वासिली बेलोव

रशियन ग्रामजीवनाचे कथाकार वासिली इव्हानोविच बेलोव यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९३२ रोजी उत्तर रशियातील वोलोग्दा प्रांतात, तिमोनिखा या खेड्यात झाला. वडील १९४३ मध्ये युद्धात कामी आले. शालेय शिक्षण लवकरच थांबले आणि बेलोव यांनी सुतारकाम शिकून घेतले. पुढे मॉस्कोच्या गॉर्की साहित्य संस्थेतून १९६४ मध्ये ते पदवीधर झाले. मात्र सुताराची नजर त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत राहिली.

‘नेहमीचीच गोष्ट’ (१९६६) या लघुकादंबरीने त्यांचे नाव देशभर झाले. तिचा नायक इव्हान आफ्रिकानोविच सामूहिक शेतीवर राबणारा, बहुपत्य गृहस्थ. घरची गाय जगवण्यासाठी तो रात्री रानात चोरून गवत कापतो आणि तेही जप्त होते. निरुपायाने तो शहराची वाट धरतो. त्याच सुमारास कष्टांनी खचलेली त्याची पत्नी कातेरिना मरण पावते. सामूहिक शेतीवरील बहुतेक शेतकऱ्यांना १९७४ च्या निर्णयापर्यंत देशांतर्गत पारपत्रही मिळत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या कथेची धार जाणवते. गायीच्या आयुष्यावरचे प्रकरण तर चुकवू नये असेच आहे.

‘लाद’ म्हणजे मेळ, सुसंगती. या नावाची त्यांची निबंधमाला १९७९ ते १९८१ या काळात नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. सुतार, लोहार, गुराखी यांची कामे, सणवार, बाळपण ते वार्धक्य, असा लोकजीवनाचा सारा पट तीत आहे. आपल्याकडे जवस पेरतात ते तेलासाठी. तिकडे त्याच्या देठाचा धागा होतो. पेरणीपासून मागापर्यंतची ही वाटचाल बेलोव बारकाईने सांगतात. खेडी ओस पडत असताना ही नोंद झाली, हे तिचे मोल. गावातील उपासमार व भांडणे येथे झाकली जातात, हा आक्षेप रास्त आहे. पण सामूहिकीकरणाने गाव कसा मोडला, हे त्यांनीच ‘पूर्वसंध्या’ या कादंबरीत दाखविले आहे. शहरी जीवनावरील ‘सारे काही पुढेच’ (१९८६) मात्र एकांगी वाटते.

१९८१ मध्ये त्यांना सोव्हिएत राज्य पुरस्कार मिळाला. तिमोनिखाजवळचे मोडकळीस आलेले चर्च त्यांनी स्वतः हत्यारे हाती घेऊन दुरुस्त केले. ४ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. गावीच, आईच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.