खारकच्छातले कासव आणि गवत

स्नॉर्केल लावलेला निरीक्षक पाण्याच्या पृष्ठभागाशी बांधलेला असतो. नळी लांब करून खोल जाता येत नाही. जेमतेम एक मीटर खाली पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांशाने वाढतो, आणि तेवढ्या भाराखाली वरची हवा ओढून घेणे छातीला झेपत नाही. पद्धत म्हणून स्नॉर्केलिंग उथळ पाण्याचेच. लक्षद्वीपची प्रवाळांनी वेढलेली खारकच्छे तिला फार चांगली मानवतात.

मुखवट्याच्या काचेतून सारे सुमारे एक तृतीयांशाने मोठे दिसते. ३० सेंमीचा मासा ४० सेंमीचा भासतो. लांबीचा अंदाज वहीत उतरवताना हे ध्यानात ठेवावेच लागते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो नजरेचा कल. नवशिका मोठ्या, हलत्या प्राण्याकडे ओढला जातो. हिरवे कासव दिसले की सहलीचे सार्थक झाले असे त्याला वाटते, आणि कासव ज्यावर चरते ते समुद्रगवत नजरेतून सुटते.

अगत्तीच्या खारकच्छात खरी गोष्ट त्या गवताचीच होती. तिथे हिरव्या कासवांची दाटी झाली आणि सतत चरण्याने गवताची कुरणे खुरटली, विरळ झाली. कासवांमुळे मासळी घटली, अशी बेटावरच्या मच्छीमारांची तक्रार होती. ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती: लहान माशांना आसरा आणि खाद्य त्याच गवतात मिळते. पुढे कासवे द्वीपसमूहातल्या दुसऱ्या कुरणांकडे वळली, आणि तिथेही तेच घडू लागले.

म्हणून पाहायचे ते पात्याचे टोक. पोपटमाशाने घेतलेला लचका पात्याच्या कडेला अर्धवर्तुळाकार खाच ठेवतो. कासव मात्र पाती बुडख्याजवळ कुरतडते. वरचा जुना भाग बहुधा तरंगत किनाऱ्याला लागतो. त्यामुळे नोंद पाण्याबाहेर, वाळूवरही चालू ठेवावी.

अर्थात खुंट दिसले एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. वाळू सरकल्याने किंवा पाणी गढूळ झाल्यानेही गवत खंगते. गवताचा एखादा तुकडा जाळीने वेढून कासवांपासून राखला आणि शेजारच्या उघड्या तुकड्याशी त्याची पाती मोजून ताडली, तर चरण्याचा वाटा वेगळा काढता येतो. विद्यार्थ्यांच्या गटाने निदान एक दोरी ताणून तिच्या कडेने ठरावीक अंतरांवर पात्यांची उंची मोजावी आणि जागेची अचूक नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला तीच रेघ पुन्हा मोजता येईल.