तळघरापासून तोटीपर्यंत

बीअर हें पेय इष्ट कीं अनिष्ट, हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. कृत्रिम थंडाव्याची जी विद्या आज घरोघरीं दूध, भाजी आणि औषधें राखीत आहे, तिच्या वाढीस मोठा आश्रय मिळाला तो युरोपांतील बीअरच्या कारखान्यांत.

मोड आणून वाळविलेल्या जवाच्या काढ्यांत किण्व घातलें म्हणजे तो आंबतो व त्याची बीअर होते. परंतु उष्मा वाढला कीं नको ते जंतु माजतात आणि सारें पीप नासतें. जंतुशास्त्र जन्मास येण्यापूर्वींही लोकांस हा अनुभव होताच. म्हणून १५५३ सालीं बव्हेरियाचा ड्यूक पांचवा आल्ब्रेख्त यानें २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत बीअर बनविण्यास मनाई केली. उन्हाळ्यास पुरेल एवढी बीअर थंडीच्या दिवसांतच करून ठेवावी, असा याचा अर्थ झाला.

या साठवणीसाठीं म्यूनिक शहराभोंवतीं खोल तळघरें खणलीं गेलीं. गोठलेल्या तळ्यांवरील बर्फ कापून तो त्यांत भरीत. वर चेस्टनटचीं झाडें लावीत. त्यांच्या रुंद पानांच्या सावलीनें जमीन गार राही. त्याच सावलींत लोक बीअर पीत बसूं लागले. १८१२ सालीं राजा पहिला मॅक्सिमिलियन यानें तेथें बीअर विकण्यास परवानगी दिली, मात्र जेवण विकण्यास बंदी घातली. म्यूनिकच्या प्रसिद्ध बीअर-बागा अशा थंडाव्याच्या गरजेंतून उगवल्या.

नैसर्गिक बर्फाचा व्यापार तेव्हां समुद्रपारही चाले. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ सालीं 'टस्कनी' जहाजानें कलकत्त्यास बर्फ पाठविला. निघतांना तो सुमारें १८० टन होता; चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारें १०० टन उरला. पुढें मुंबईसही असा बर्फ येऊं लागला. परंतु हा सारा डोलारा हिवाळ्याच्या मर्जीवर उभा होता. हिवाळा सौम्य गेला कीं बर्फ कमी पडे, आणि बीअरवाल्याचें वर्षाचें भांडवल धोक्यांत येई.

या परावलंबनांतून मार्ग काढला तो म्यूनिकच्या पॉलिटेक्निकमधील प्राध्यापक कार्ल लिंडे यानें. स्पाटेन कारखान्याचा मालक गाब्रिएल सेडलमायर यानें त्याच्या यंत्राच्या प्रयोगांस आपल्या कारखान्यांत आश्रय दिला. पहिल्या यंत्रांतून वायु गळे; तो कांहीं केल्या थांबेना. १८७६ च्या सुमाराच्या नव्या यंत्रांत लिंडेनें अमोनिया वापरला, आणि तें यशस्वी झालें. त्याचें मर्म आपल्या माठांतच आहे. माठावरील पाणी वाफ होऊन उडतांना आंतील पाण्याची उष्णता नेतें. यंत्रांत अमोनिया तेंच करतो, व दाबून पुन्हां द्रवरूप केला म्हणजे तोच पुनः पुन्हां उपयोगीं पडतो. १८७९ सालीं लिंडेनें अशीं यंत्रें करणारी कंपनी काढली. उन्हाळ्याची बंदी निसर्गानें घातली होती. ती विज्ञानानें उठविली.

पुढें हा थंडावा घरांत शिरला. पाश्चात्य देशांत कित्येकजण आज घरींच शीतपेटींत पीप ठेवून तोटीनें पेला भरतात. पेटींत तीन-चार अंशांचा गारवा असतो, तरीही पहिला पेला पुष्कळदां नुसत्या फेंसानें भरतो. दोष बहुधा पिपाचा नसतो. पेटीबाहेरील खांबांतून तोटीकडे जाणारी हातभर नळी खोलीच्या हवेनें तापलेली असते. शून्य अंशावरील पाण्यांत जेवढा कर्बाम्ल वायु, म्हणजे सोडावॉटरच्या बुडबुड्यांतील वायु, मावतो, त्याच्या सुमारें निम्माच वीस अंशांवर मावतो. त्यामुळें बीअर तापली कीं वायु निसटतो व फेंस उसळतो. पेटी आणखी गार करून हें भागत नाहीं. लहानशा पंख्यानें पेटींतील गार हवा खांबांत तोटीपर्यंत खेळविली व खांबाभोंवतीं उष्णतारोधक आवरण घातलें, कीं काम होतें.

ड्यूकाच्या हुकुमापासून या पंख्यापर्यंत प्रश्न एकच राहिला आहे. थंडावा निर्माण करणें हें अर्धें काम. तो वाटेंत न गमावतां शेवटच्या हातभर अंतरापर्यंत पोंचविणें हें उरलेलें अर्धें. दुधाच्या गाडीस आणि लशींच्या पेटीसही हाच नियम लागू आहे. तेथें मात्र चूक झाल्यास फेंसावर भागत नाहीं.