तबकडीतून घरात आलेल्या बाया

आम्ही झरीहून बोलतोय, बचत गटाच्या बाया. आज हप्ता नाही, व्याज नाही, बँकेचा फॉर्म नाही. आज गाणं. तेही भजन-गौळण नव्हे. रेडिओवर लागलं की 'हे काय आ-आ-आ' म्हणून आपण बटण फिरवतो ना, ते शास्त्रीय गाणं.

आज मोबाइलवर नाव बोललं की शंभर वर्षांपूर्वीच्या बाईचा आवाज आपल्या चुलीपाशी येतो. तो घरात कसा आला आणि त्यासाठी गाणारीनं काय सोसलं, ते सांगायचंय.

आधी हे गाणं दरबारात, देवळात, नाहीतर सावकाराच्या माडीवर व्हायचं. गाणाऱ्या पुष्कळदा बाया आणि समोर बसून ऐकणारे पुरुष. घरच्या लेकीसुनांनी तिथं पाय ठेवायचा नाही. नाटकातही तीच तऱ्हा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. पण शकुंतलेचं काम करणार पुरुषच. पुढे बालगंधर्वांनी नेसलेल्या साड्या बघून घरोघरच्या बाया तसं नेसायला शिकल्या म्हणतात. बाईनं कसं नटावं तेही पुरुषानं दाखवायचं! असो.

मग आली तबकडी. 1902 साली ग्रामोफोन कंपनीची माणसं कलकत्त्याला आली आणि त्यांनी गौहरजान या गायिकेचं गाणं भरून घेतलं. तेव्हा माईक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीन मिनिटांत संपवायचं. मैफलीत तासभर चालणारा राग तीन मिनिटांत! बरेच उस्ताद नको म्हणाले. बाया पुढे झाल्या. गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिराला कळायला हवं की चिठ्ठी कोणाच्या नावाची लावायची. कारण एवढं साधं, पण आम्हाला ते फार आवडलं. तिचं नाव कोणाची बायको, कोणाची लेक म्हणून आलं नाही. तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

ती तबकडी कशाची असायची माहीत आहे? लाखेची. बांगड्यांची लाख असते ना, तीच, त्यात दगडाची भुकटी मिसळून. म्हणून हातातून पडली की बांगडीसारखी फुटायची.

चावी द्यायची, सुई टेकवायची, की कर्ण्यातून गाणं सुरू. ज्या घरातली बाई मैफलीला जाऊ शकत नव्हती, तिच्या ओसरीवर मैफल आली. पण इथं एक गोम आहे. आवाज घरात आला, आवाजाची धनीण बाहेरच राहिली.

गंगूबाई हनगल यांचंच बघा. त्यांचा जन्म 1913 चा, धारवाडचा. लहानपणी रस्त्यावर कुठं ग्रामोफोन वाजला की ऐकायला धावायच्या आणि तसंच गाऊन बघायच्या. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर स्वागतगीत गायला त्यांना उभं केलं. अकरा वर्षांची पोर. तिच्या मनात भीती कसली, तर गाणं झाल्यावर आपल्याला उष्टी ताटं उचलायला तर सांगणार नाहीत ना? जात आडवी होती. पुढे त्यांच्या पहिल्या तबकड्या 'गांधारी' या नावानं निघाल्या आणि घराघरांत वाजल्या.

रेडिओनंही तेच केलं. 1946 च्या सुमारास रेडिओचं खातं सरदार पटेलांकडे होतं. तेव्हा हुकूम निघाला, ज्या बायांच्या खासगी जगण्याबद्दल लोक बोलतात त्यांना गायला बोलवू नका. पुरुष गवयांचं खासगी जगणं कोणी तपासलं नाही.

त्याच काळात हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करत होत्या. साधी साडी, शांत बसणं, गोड आवाज. घरंदाज बाया समोर येऊन बसू लागल्या, त्यात हिराबाईंचा वाटा मोठा आहे.

आणि केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या, जन्म 1892 चा. अल्लादियाखाँ साहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या. स्वभाव करारी, ध्वनिमुद्रणं मोजकीच. पण त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानातून आकाशात पाठवली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. त्याच तबकडीवर एका परदेशी बाईचं ऑपेरातलं गाणंही आहे. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, त्यातलं हे मोझार्ट या संगीतकाराचं. त्यात रागावलेली राणी इतक्या वरच्या पट्टीत गाते की पाखरू ओरडल्यासारखं वाटतं. यान आता दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पुढे गेलंय. केसरबाई मात्र त्याच वर्षी, यान सुटल्यावर काही दिवसांत गेल्या.

आता ऐकायचं कसं? आमच्या बैठकीत आम्ही सुरुवात हिराबाईंपासून केली. जुन्या तबकडीवरची गाणी तीन-तीन मिनिटांची, तोवर कंटाळा येत नाही. आवाजात खरखर येते, ती सुईची. पहिल्यांदा नकोशी वाटते, मग कान ती बाजूला सारतो. शब्द शोधत बसू नका. जात्याचं कसं असतं, आधी सावकाश फेरे, मग हात लागला की वेग. आलापाचं तसंच आहे, सुरुवातीला थोडी कळ काढावी लागते. तीन मिनिटांची सवय झाली की किशोरी आमोणकरांचा अर्ध्या तासाचा राग लावून बघा. त्यांच्या आईनं, मोगूबाई कुर्डीकरांनी, त्यांना घडवलं.

भैरवी मैफलीत शेवटी गातात, तशी ती सकाळचीही मानतात. भाकरी थापताना लावा. मोबाइलचा आवाज बारीक असेल तर रिकाम्या पातेल्यात उभा ठेवा. कर्ण्याचं काम पातेलं करतं, आम्ही करून बघितलंय. रेंज जाते म्हणून रात्री नेट चांगलं असताना दोन गाणी उतरवून ठेवायची. आणि लावताना आधी पोरींना सांगायचं, कोण गातंय ते.