अक्षर आणि कुलूप



लिहून ठेवणे ही एक गोष्ट. पुढच्या माणसाला ते वाचता येईल असे ठेवणे ही दुसरी. या दोहोंतले अंतर मराठीने फार पूर्वी अनुभवले आहे.

इ. स. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रीचक्रधरांचा सहवास ज्यांना घडला, त्यांना विचारून त्यांनी एकेक आठवण टिपली. आपल्या जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही गावे त्यात येतात. एक आठवण म्हणजे एक लीळा. ती सुटी आणि आटोपशीर. साऱ्यांची मांडणी एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी. पुढे मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली व अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. मजकूर सुटा होता, याचे त्यांना साह्य झाले असावे, असे आम्हांस वाटते.

चौदाव्या शतकात पंथाने सकळ लिपी ही सांकेतिक लिपी योजिली. ग्रंथ जपले गेले, पण बाहेरच्या वाचकाला दार बंद झाले. ते उघडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्या कामी इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोठे श्रम घेतले.

संगणकाबरोबर हेच कुलूप निराळ्या रूपाने आले. जुन्या मराठी फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेत असत, वर पोशाख देवनागरीचा. फॉन्ट गेला की पोशाख गळे. आमच्या संघटनेची जुनी पत्रके व वेतनकराराचा मसुदा एका छापखान्याच्या संगणकात अशाच रीतीने अडकला. ज्या करारासाठी लोकांनी उपास काढले, त्याच्या जागी पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसू लागली!

1991 साली युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. 2004 साली अमेरिकेत जॉन ग्रुबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या साह्याने ‘मार्कडाउन’ ही लेखनपद्धती प्रसिद्ध केली. तिची रीत साधी आहे. शीर्षकापूर्वी # हे चिन्ह, ठसठशीत शब्दांच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन तारका, यादीतील प्रत्येक ओळीपूर्वी एक आडवी रेघ. कोणताही विशेष कार्यक्रम हाताशी नसला तरी मजकूर उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. 2008 साली आलेल्या ‘जेकिल’ने अशा फायलींच्या फोल्डरमधून सबंध संकेतस्थळ उभे करण्याची सोय केली. एक विषय, एक फाईल, आपल्या लीळेसारखीच.

धाडसारख्या गावात बाजाराचा, शाळांचा, शेतमजुरांच्या लढ्यांचा वृत्तान्त वृद्धांच्या मुखी आहे. तरुणांनी तो विचारून घ्यावा. प्रत्येक आठवणीची वेगळी फाईल करावी. वर सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, व तारीख घालावी. वर्षवार फोल्डर ठेवून प्रती तीन ठिकाणी जपाव्यात. यास भांडवल लागत नाही. मात्र विलंब परवडणार नाही, कारण सांगणारी माणसे दरसाल कमी होत आहेत.