मराठवाड्यातील मेंढ्या आणि जंतांचे औषध

दख्खनी मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, हिमाँकस नावाचा गोलकृमी राहतो. लांबी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. मादीच्या अंगातले रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याला वेढे घालणारा पांढरा अंडाशय उघड्या डोळ्यांनी दिसतो. एक कृमी दिवसाला सुमारे 0.05 मिलिलीटर रक्त घेतो. एक हजार कृमी असले तर रोजचे 50 मिलिलीटर. दहा-बारा किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असते पाऊण लिटरच्या आसपास. महिनाभरही न जाता ते पांढरे पडते, रक्तातली प्रथिने घटली की जबड्याखाली पाणी उतरते आणि एका सकाळी ते उठत नाही. मेंढपाळ खालची पापणी ओढून आतला रंग पाहतो, तो यासाठीच.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कृमीचे सगळे वेळापत्रक या पावसावर चालते. एक मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीबरोबर बाहेर पडलेल्या अंड्याला ओल आणि ऊब मिळाली की चार ते सात दिवसांत मेंढीला बाधू शकेल अशी अळी तयार होते, दवावर गवताच्या पात्यावर चढते आणि चाऱ्याबरोबर पोटात जाते. तिथून सुमारे तीन आठवड्यांत तिचीही अंडी सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये माळ तापतो तेव्हा गवतावरच्या अळ्या जवळजवळ साफ होतात. कृमी मात्र संपत नाही. तो मेंढीच्या जठरात अर्धवट वाढलेल्या अवस्थेत थांबून राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वाढीला लागतो. उन्हाळ्यात कृमी जमिनीवर नसतो, मेंढीच्या पोटात असतो, ही बाब औषधाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात निर्णायक ठरली आहे.

औषधाच्या आधी होते ते चालणे. धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तांडे, दिवाळीच्या सुमारास गाव सोडत, सुगी झालेल्या रानांतून पुढे सरकत आणि पाऊस पडता पडता परत फिरत. वाटेत शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरे शेतात बसवून घेत आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देत. रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावायची, सकाळी काढायची; एका शेतात दोन-चार रात्री झाल्या की मुक्काम हलला. अळी पक्व व्हायला जितके दिवस लागतात तितक्यात कळप पुढच्या शिवारात पोचलेला असे. ही रीत जंतांसाठी कुणी बसवलेली नव्हती. तिचे कारण चारा, पाणी आणि धान्य. परिणाम मात्र असा की वर्षाचे आठ महिने मेंढी आपल्याच लेंडीवर उगवलेले गवत खात नसे. मरतूक व्हायची ती पावसाळ्यात, कळप गावच्या माळावर अडकून पडला की. चराईच्या या व्यवस्थेने कृमींवर ठेवलेला वचक नंतरच्या कोणत्याही एका औषधापेक्षा मोठा होता आणि पशुवैद्यकाच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

झाडपाला होताच. वावडिंग, पळसपापडी, डिकेमाली, कडुनिंबाचा पाला, डाळिंबाच्या मुळाची साल ही माणसांच्या जंतांवरची औषधे जनावरांनाही दिली जात. काढा बांबूच्या नळकांड्याने घशात ओतायचा. यातले सगळेच निरुपयोगी नव्हते. पळसपापडीची चाचणी पाकिस्तानात मेंढ्यांवर झाली, तिचा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या किलोमागे 3 ग्रॅम चूर्ण दिल्यावर दहाव्या दिवशी लेंडीतली अंडी सुमारे 78 टक्क्यांनी घटलेली आढळली. तीस किलोच्या मेंढीला याचा अर्थ एका वेळी 90 ग्रॅम चूर्ण. शंभर मेंढ्यांना नऊ किलो बिया गोळा करून, वाळवून, दळून पाजणे कोणत्याही वाड्याला झेपणारे नव्हते. म्हणून झाडपाला आजारी दिसणाऱ्या चार-दोन जनावरांपुरता राहिला.

प्रयोगशाळेतले पशुवैद्यक मराठी मुलखात तसे लवकर आले. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये निघाले. 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती 1893 मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. याच परंपरेतल्या जी. डी. भालेराव यांनी 1935 मध्ये भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींचा ग्रंथ सिद्ध केला. कोणत्या जनावरात, कोणत्या अवयवात, कोणता कृमी, याची देशपातळीवरची पहिली मोठी नोंद म्हणून तो ग्रंथ दीर्घकाळ अभ्यासकांच्या हाताशी राहिला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या या संस्थांचा थेट हात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मेंढपाळापर्यंत पोचत नव्हता.

रसायनांचा काळ मोरचुदाने सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीचे पशुवैद्य डंकन हचन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्यांना मोरचुदाचे पाणी पाजण्याची पद्धत रूढ केली: शंभर भाग पाण्यात एक भाग मोरचूद. ते हिमाँकसवर चालायचे आणि त्याचे कारण उमगले ते पुढच्या शतकात. मेंढीने गिळलेला घोट एरवी आधी कोठीपोटात पडतो आणि तिथल्या काही लिटर रवंथात विरळ होतो. मोरचूद जिभेला लागले की अन्ननलिकेच्या तळाची खाच मिटून नळीसारखी होते आणि औषध कोठीपोट चुकवून थेट जठरात, कृमीच्या अंगावर जाते. पण मोरचुदात तांबे असते आणि मेंढीला तांबे सोसत नाही. ते यकृतात साठत जाते आणि मात्रा थोडी चढली तरी मेंढी दगावते. यकृतातल्या पर्णकृमीसाठी ब्रिटनमध्ये 1926 पासून कार्बन टेट्राक्लोराइड आले. एक मिलिलीटर पुरे, पण तेही यकृतालाच अपाय करणारे. औषध आणि विष यांच्यातले अंतर त्या काळात फार कमी होते.

हे अंतर वाढवले फिनोथायझीनने. त्याचा जंतनाशक गुण 1938 मध्ये अमेरिकेत लक्षात आला आणि दोन-तीन वर्षांत ते मेंढपाळीच्या सगळ्या देशांत गेले. हिरवट-पिवळी पूड, मोठ्या मेंढीला 25 ग्रॅमच्या आसपास. पाजल्यावर मेंढीचे मूत्र लालसर दिसे आणि लोकरीला डाग पडत. त्यानंतर 1961 मध्ये थायबेंडाझोल आले, मात्रा किलोमागे सुमारे 50 मिलिग्रॅम. 1966 मध्ये टेट्रामिसोल, सत्तरच्या दशकात फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल, 1981 मध्ये आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या मातीतून मिळालेल्या जिवाणूपासून निघालेल्या या शेवटच्या औषधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना 2015 चे नोबेल मिळाले. तीस किलोच्या मेंढीचा हिशेब मांडला की चाळीस वर्षांतला फरक दिसतो: फिनोथायझीन 25 ग्रॅम, थायबेंडाझोल दीड ग्रॅम, फेनबेंडाझोल 150 मिलिग्रॅम, आयव्हरमेक्टिन 6 मिलिग्रॅम. पूर्वी पोत्यात येणारे औषध खिशातल्या बाटलीत मावू लागले आणि भटक्या कळपाबरोबर फिरू लागले.

मराठवाड्यात या औषधांसोबत संस्थाही उभ्या राहिल्या. 1956 मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला. 1972 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, 1987 मध्ये उदगीरला. 1978 मध्ये राज्याचे शेळी-मेंढी विकास महामंडळ स्थापन झाले. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते आणि छत्रपती संभाजीनगर शहराला लागून पडेगावला त्याचे प्रक्षेत्र आहे. गावोगावच्या गुरांच्या दवाखान्यांतून पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंतांचा डोस अशी जोडी रूढ झाली.

शहरातल्याच मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागातले जी. बी. शिंदे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मेंढ्या-शेळ्यांच्या आतड्यांतल्या पट्टकृमींचा चिकाटीने अभ्यास केला आणि अनेक जाती वर्णिल्या. मोनिझिया वंशातल्या एका जातीच्या नावात औरंगाबादचाच उल्लेख आहे. पट्टकृमी मेंढपाळाच्याही चांगल्या ओळखीचा, कारण त्याचे तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे लेंडीवर दिसतात. औषधाच्या निवडीत गफलत होते ती इथेच. डोळ्यांना दिसणारा मोनिझिया मोठ्या मेंढीला फारसा त्रास देत नाही. जीव घेणाऱ्या हिमाँकसची अंडी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. मेंढपाळ दुकानात जाऊन पांढरे तुकडे पडतात म्हणून औषध मागतो आणि तुकडे बंद झाले की औषध लागू पडले असे समजतो. आयव्हरमेक्टिन हिमाँकस मारते पण पट्टकृमीला आणि पर्णकृमीला हात लावत नाही. त्यामुळे चांगले औषध वाईट ठरते आणि उलटही होते.

पर्णकृमीचा प्रश्न पाण्याने आणला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये झाली, लोकार्पण 1976 मध्ये. कालव्यांची झिरप, पाटाकडेची डबकी आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडी पडणारी हिरवी गाळपेर जमीन या सगळ्या जागा लिम्निया गोगलगायीला मानवतात आणि पर्णकृमीची अळी याच गोगलगायीत वाढून पाण्याकाठच्या गवताला चिकटते. कोरड्या माळावर चरणाऱ्या मेंढीला ही भीती नव्हती. एप्रिलमध्ये जलाशयाच्या काठी उतरणाऱ्या कळपाला ती असते. अशा कळपाला नुसते फेनबेंडाझोल देऊन भागत नाही. ऑक्सिक्लोझानाइड, क्लोसँटेल किंवा ट्रायक्लाबेंडाझोल लागते आणि त्यांतही फरक आहेत. ऑक्सिक्लोझानाइड फक्त वाढलेल्या पर्णकृमीला मारते, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यालाही. क्लोसँटेल रक्तातल्या प्रथिनाला धरून काही आठवडे टिकते, म्हणून रक्त पिणाऱ्या हिमाँकसलाही भोवते. मात्रा चढली तर मात्र मेंढी आंधळी होऊ शकते. अल्बेंडाझोल वाढीव मात्रेत मोठ्या पर्णकृमीवर चालते, पण गाभण राहिल्याच्या पहिल्या महिन्यात ते देऊ नये. गर्भात व्यंग येते.

औषधे सुरक्षित आणि स्वस्त झाल्यावर ती दिनदर्शिकेप्रमाणे पाजली जाऊ लागली आणि कृमींनी प्रतिकार मिळवला. फिनोथायझीनला न जुमानणारा हिमाँकस 1957 मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत नोंदला गेला. थायबेंडाझोल बाजारात येऊन तीनच वर्षे झाली होती तेव्हा, 1964 मध्ये, त्यालाही प्रतिकार दिसला. भारतात या दोन्ही औषधांना दाद न देणाऱ्या हिमाँकसची नोंद 1976 ची आहे. देशात नंतर झालेल्या तपासण्यांत प्रतिकार जास्त आढळला तो संघटित प्रक्षेत्रांवर, जिथे कळप एका जागी राहतो आणि डोस नेमाने मिळतो. भटक्या कळपांत तो कमी होता.

पावसाळ्यापूर्वीचा डोस या बाबतीत दुधारी ठरतो. मे महिन्यात जमिनीवर अळ्या नसतात, सगळे कृमी मेंढीच्या पोटात असतात, म्हणून त्या वेळी पाजलेले औषध कळप जवळजवळ स्वच्छ करते. पण जे मूठभर कृमी वाचतात ते औषधाला पुरून उरलेले असतात आणि पाऊस पडल्यावर रिकाम्या माळावर फक्त त्यांचीच प्रजा पसरते. म्हणून कळपातल्या धडधाकट, मोठ्या मेंढ्यांना त्या वेळी औषध न देता सोडावे, त्यांच्या पोटातले साधे कृमी माळावर मिसळू द्यावेत, असा सल्ला आता दिला जातो. तो मेंढपाळाच्या गळी उतरवणे अवघड आहे, कारण शिबिरात औषध फुकट मिळत असताना काही जनावरे वगळायला कुणाचे मन होत नाही.

कोणती मेंढी वगळायची हे ठरवण्याची पद्धत 1990 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बांधली गेली. फफा मलान यांच्या नावावरून तिला फामाचा म्हणतात. खालच्या पापणीच्या आतल्या रंगाचे लाल ते पांढरे असे पाच दर्जे एका तक्त्यावर छापलेले असतात; पापणी तक्त्याशी ताडून फक्त फिकट जनावरांनाच औषध द्यायचे. पापणी पाहण्याची सवय मराठवाड्यातल्या मेंढपाळाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. या पद्धतीत नवा आहे तो रंगांचा ठरलेला मापदंड. ती फक्त रक्तपित्या कृमीसाठी चालते.

पाजण्याच्या रीतीत होणाऱ्या चुकाही जुन्याच आहेत. मेंढी गुडघ्यांत धरून तिची मान आडवीच ठेवायची. तोंड आभाळाकडे केले की औषध श्वासनळीत जाते आणि ठसका लागून जनावर दगावते. नळी ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मुळापर्यंत न्यावी लागते. तोंडाच्या पुढच्या भागात ओतलेले औषध कोठीपोट चुकवून पुढे जाऊ शकते. मोरचुदाला तेच हवे होते. फेनबेंडाझोल-अल्बेंडाझोलला मात्र कोठीपोटात साठून हळूहळू उतरावे लागते; कोठीपोट चुकले तर ती लवकर वाहून जातात आणि गुण कमी येतो. वजन नजरेने धरले की ते बहुधा कमी धरले जाते आणि अपुरी मात्रा प्रतिकाराला खतपाणी घालते. म्हणून गटातल्या सर्वांत जड मेंढीच्या वजनाने मात्रा ठरवतात. टेट्रामिसोल आणि लेव्हामिसोलच्या बाबतीत तिथेही जपावे लागते, कारण त्यांची सुरक्षिततेची मर्यादा अरुंद आहे.

औषध लागू पडते की नाही हे पाहण्याचा साधा मार्ग 1939 पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत एक ग्रॅम लेंडीतली अंडी मोजण्याची काचपट्टी तयार झाली. डोसच्या दिवशी आणि पुन्हा दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्या तपासायच्या. अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर ते औषध त्या कळपात बाद होत चालले आहे असे धरतात.

औषधाव्यतिरिक्त एक दिशा फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवली. तिथे दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा बंगालच्या गरोल मेंढीशी संकर करून कोकरांची जंतांना तोंड देण्याची ताकद तपासली गेली आणि 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दलदलीच्या सुंदरबन भागातल्या गरोलचे रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी निघाली, पण ती कोकरे वजनाला हलकी भरली.