काम सुटलेल्या कुत्र्याचं खेळणं

लवळ्याच्या परिसरात आता तीन तऱ्हेची कुत्री राहतात. एक गावठाणातली. दुसरी सिम्बायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांमुळे वाढलेल्या टपऱ्या-खाणावळींच्या आधाराने जगणारी. तिसरी सूस-बावधनकडून हळूहळू सरकत आलेल्या इमारतींमधली, लिफ्टने खाली उतरणारी. पहिल्या दोघांना कुणी खेळणं आणून दिल्याचं ऐकिवात नाही. गावातलं कुत्रं मालकामागे बांधापर्यंत जातं, अनोळखी मोटारसायकलला हद्दीबाहेर काढून येतं, उकिरडा हुंगतं, वरच्या आळीच्या टोळीशी जुनं भांडण उकरतं आणि दुपारी सावलीला आडवं होतं. खाणावळीजवळच्या कुत्र्याला खरकटं कुठे, कधी पडतं ते पाठ असतं. तिसरं कुत्रं म्हणजे लॅब्रॅडॉर, बीगल, हस्की, हल्ली बॉर्डर कोलीसुद्धा. ते सकाळ-संध्याकाळ पट्ट्याला बांधून फिरतं, वाडग्यातलं जेवण दोन मिनिटांत चाटूनपुसून संपवतं, आणि मग दिवसभर त्याला करण्यासारखं काहीही उरत नाही. त्यानंतर सोफ्याची पाळी येते.

या तिसऱ्या कुत्र्यासाठी पुण्याच्या दुकानांतून लाल रबराचा एक पोकळ गोळा विकला जातो. खरं तर गोळा नव्हे. लहान-मोठे तीन फुगवटे एकावर एक चढवलेले, आत भोक. त्यात भात, अंडं, दही असं काहीबाही ठासून भरायचं आणि कुत्र्यापुढे टाकायचं. दोन मिनिटांचं जेवण अर्धा तास पुरतं. त्याचं नाव काँग. आज ‘कुत्र्याच्या डोक्याला काम’ म्हणून जो मोठा बाजार उभा आहे, त्यातला हा सर्वांत प्रसिद्ध कुळपुरुष. त्याचा जन्म मोटारीच्या पोटात झाला.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाचा गृहस्थ होता. त्याच्याकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, पोलिस खात्यातून निवृत्त झालेला. फ्रिट्झला दगड चावायची खोड. दातांचा पार भुगा होत चालला होता. हाडं दिली, काठ्या दिल्या. तो फिरून दगडांकडेच. एकदा मार्कहॅम आपल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनखाली शिरून दुरुस्ती करत होता आणि शेजारी फ्रिट्झचं दगड चावणं चालू होतं. वैतागून त्याने निघालेले सुटे भाग एकेक करून कुत्र्याकडे भिरकावले. त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा फ्रिट्झने उचलला तो सोडेचना. चावला तर तुटत नव्हता, आणि जमिनीवर आपटला की कुठे उडेल त्याचा नेम नव्हता. पुढे मार्कहॅमने त्याच घडणीचं खेळणं बनवायला घेतलं. हे तर किंग काँगच्या कानात घालायचं बूच दिसतंय, अशी एका मित्राने थट्टा केली आणि नाव ठरलं. १९७६ साली कंपनी निघाली. (आपल्याकडच्या एका पिढीला किंग काँग म्हटलं की माकड आठवत नाही, दारासिंगशी लढलेला अगडबंब पैलवान आठवतो. कानाच्या बुचाचा विनोद त्यालाही लागू पडला असता.)

ही गोष्ट सांगताना लोक रबराचं कौतुक करतात. मला त्यातला ‘निवृत्त’ हा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रिट्झ वाईट वळणाचा नव्हता. त्याची नोकरी संपली होती. रोज माग काढायचा, हुकूम ऐकायचे, माणसाबरोबर पाळी भरायची, हे सगळं एकदम थांबलं आणि जबडा मोकळा राहिला.

पोलिस कुत्र्याची नोकरी कशाची बनलेली असते, ते पाहायला कोलोरॅडोला जायची गरज नाही. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यातच, शिवाजीनगरला आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात गाजलेला झंजीर नावाचा कुत्रा इथेच तयार झाला. १९९२च्या डिसेंबरअखेर तो मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात रुजू झाला आणि त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधल्याची नोंद आहे. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला. आता असं शोधकाम शिकवतात कसं? जगभरची रीत साधारण सारखीच. कुत्र्याला आधी एका चेंडूचं किंवा गुंडाळलेल्या टॉवेलचं वेड लावायचं. मग त्या खेळाला एका वासाची जोड द्यायची. वास सापडला की चेंडू मिळतो, हे त्याच्या मनात पक्कं बसलं की तो वास लपवायचा. पेटीत, गाडीच्या डिकीत, सामानाच्या ढिगात. स्फोटकांचं राजकारण कुत्र्याला कळत नाही. त्याच्या लेखी हा लपंडाव असतो, आणि सापडलं की सांभाळणारा पोलिस आपल्याशी रस्सीखेच खेळणार एवढं त्याला ठाऊक असतं. पोलिसांनी खेळाची नोकरी केली. मार्कहॅमने नोकरी गेलेल्याच्या हाती खेळ दिला. वाट एकच, प्रवास उलट दिशेचा.

पण फ्रिट्झच्या आधीचाही एक धागा आहे, तो वाडग्याचा. कुत्र्याला ठरल्या वेळी, ठरल्या जागी, काही न करता भांडंभर अन्न मिळणं ही चाल फार जुनी नाही. आपल्याकडे कुत्र्याला तुकडा पडायचा. ‘यू यू’ करून हाक मारायची, भाकरीचा कोर टाकायचा. तो बाकीच्यांनी पळवायच्या आत त्याने उचलायचा. नामदेवांची पोळी घेऊन कुत्रं पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, या कथेत भक्तीचा भाग नामदेवांकडे असला तरी पळण्याचा भाग अस्सल कुत्र्याचा आहे. अन्न मिळवणं हे चार पायांचं काम होतं. मग १८६०च्या आसपास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकी विक्रेता इंग्लंडात गेला. तो वीजवाहक सळ्या विकायचा. गोदीवर टाकून दिलेली जहाजी बिस्किटं कुत्री खाताना त्याने पाहिली आणि गहू, भाज्या, मांस मिसळून कुत्र्यांची बिस्किटं काढली. तयार खाद्याचा धंदा तिथून सुरू झाला. शंभर वर्षांत अन्न शोधायचं कामच नाहीसं झालं. गंमत अशी की, ज्या उद्योगाने कुत्र्याचं काम काढून घेतलं, त्याच दुकानात शेजारच्या फळीवर ते काम परत विकायला ठेवलेलं असतं.

अन्न फुकट देणं ही सर्वांत मोठी दया, असं आपण धरून चालतो. १९६३ साली ग्लेन जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पांढऱ्या उंदरांवर एक प्रयोग केला. दांडी दाबली की दाणा पडतो, हे त्यांना शिकवलं. मग पिंजऱ्यात तेच दाणे वाटीत भरून आयते ठेवले. उंदीर वाटी सोडून पुन्हा पुन्हा दांडीकडे जात राहिले. ज्यांचा दांडीचा सराव जास्त, ते जास्त गेले. पुढे ही गोष्ट अनेक प्राण्यांत दिसली. मांजरांनी अपेक्षेप्रमाणे अपवाद केला: २०२१च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात त्यांनी आयत्या थाळीलाच पसंती दिली. कुत्र्यांवर अमेरिकेतच २०२४ साली झालेल्या अभ्यासात निकाल मधलाच आला. कष्टाचं अन्न खायला बहुतेक तयार होती, पण आयतं सोडून त्याच्यामागे धावली नाहीत. म्हणून काँग पुढ्यात टाकला की कुत्रं धन्य होतं, असं समजू नये. शेजारी भरलेलं वाडगं असेल तर रबराशी झटायचं कशाला, एवढा हिशेब त्याला येतो.

प्राण्याला अन्नासाठी काही काम असावं, हा विचार प्राणिसंग्रहालयांत आधी रुजला. पिंजऱ्यातल्या प्राण्याचं आयुष्य रिकामं असतं आणि त्याला काही उद्योग हवा, हे स्विस प्राणिसंग्रहालय-संचालक हाइनी हेडिगर १९४०च्या दशकातच लिहीत होता. १९७०च्या दशकात हॅल मार्कोविट्झने अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात गिबन वानरांसाठी दांड्या बसवल्या. एक ओढायची, झोके घेत दुसऱ्या टोकाला जायचं, दुसरी ओढायची, मग खाऊ. आपल्या जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात परत न सोडता येणाऱ्या बिबट्यांना मचाणं, ओंडके आणि झोपाळे दिले जातात, ते याच घराण्यातले. १९८५ साली अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यात दुरुस्ती झाली. प्रयोगशाळांतल्या माकडांचं मानसिक स्वास्थ्य जपणं बंधनकारक झालं. कुत्र्यांसाठी मात्र फक्त व्यायाम लिहिला गेला. बहुतेक मालक अजून याच कलमावर अडलेले आहेत: कुत्रं मस्ती करतंय ना, आणखी दोन किलोमीटर पळवा. रोज पळवलेलं तरणं कुत्रं थकत नाही, ते तयार होतं. चार आठवड्यांनी त्याला सहा किलोमीटर लागतात.

थकतं ते नाकाने. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये नीना ओटोसोन या बाईंनी कुत्र्यांसाठी लाकडी कोडी बनवायला घेतली. घरात लहान मुलं, कुत्र्यांकडे लक्ष द्यायला वेळ नाही, म्हणून हा उद्योग. फळी सरकवली, ठोकळा उचलला, की खाली खाऊ. त्यानंतर आली हुंगायची चटई, कापडाच्या पट्ट्यांच्या दाट गुंत्यात कोरडं खाद्य पेरायचं. ही विकत घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. जुने टीशर्ट आणि भोकांची रबरी पायपुसणी प्रत्येक घरात असते, आणि ज्यांच्या आज्यांनी गोधड्या शिवल्या त्यांना चिंध्या बांधायला कुणी शिकवायची गरज नाही. हुंगण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. २०१९ साली शार्लोत द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एकाने दोन आठवडे वास शोधायचा खेळ केला, दुसऱ्याने पायाशी पाय लावून चालायचा सराव. मग खाऊ आहे की नाही, अशी शंका असलेलं भांडं पुढे ठेवलं. हुंगणारी कुत्री त्याच्याकडे आधीपेक्षा उत्साहाने गेली. शिस्तीत चालणाऱ्यांत फरक पडला नाही. पट्टा आखूड धरून ‘चल, चल’ करत झाडामागून झाड ओलांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. लवळ्याच्या उतारावरचं पहिल्या पावसानंतरचं गवत कुत्र्याला वाचू द्यावं. तिथे मुंगूस, ससा, रात्रीची मेंढरं, सगळ्यांची नोंद असते.

या कुळाची दुसरी शाखा पायांची आहे, आणि तिच्यात आपला माणूस, म्हणजे आपला कुत्रा, आहे. कारवानी. लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला, नजरेने सावज टिपून धावणारा. सांगली-सोलापूरपासून मुधोळपर्यंत याचा मुलूख. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली म्हणून बाहेर तिला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. ससा धरणं हे कारवानीचं काम. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या कामावर गदा आली, आणि ती योग्यच होती. योगायोग असा की, त्याच १९७२ साली अमेरिकेत नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यांसाठी संघटना उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांनी दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधून ती यंत्राने माळावर वेडीवाकडी पळवली आणि कुत्री तिच्यामागे सोडली. दोनच वर्षांनी, ५ ऑगस्ट १९७४ रोजी, लॉस एंजलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅलेक्स स्टीन हा तरुण आपलं व्हिपेट कुत्रं घेऊन कुंपण ओलांडून मैदानात घुसला आणि फ्रिसबी फेकत सुटला. सामना थांबला, प्रेक्षक आणि टीव्ही दोघेही अ‍ॅश्ली नावाच्या त्या कुत्र्याच्या उड्या बघत राहिले. स्टीनला अटक झाली, पण कुत्र्यांच्या फ्रिसबीचा खेळ जगभर गेला. आपल्याकडे कारवानीसाठी असं काही घडलं नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या काही जत्रांतल्या शर्यती सोडल्या तर तो बराचसा साखळीला आला. ३० ऑगस्ट २०२०च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान देशी खेळण्यांबद्दलही बोलले आणि देशी कुत्र्यांबद्दलही, पण दोन्ही विषय वेगवेगळे राहिले. पिशवी, दोरी आणि माळ, इतकंच लागतं. लहान प्रमाणात तर बांबूच्या काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधली तरी दहा मिनिटांत कारवानी जिभेने जमीन झाडतो. फक्त चिंधी शेवटी त्याच्या तोंडी लागू द्यायची. कधीच न सापडणारं सावज म्हणजे छळ.

खेळणं निवडताना दुकानदार आकार विचारतो. त्यापेक्षा या कुत्र्याच्या आजोबांची नोकरी कोणती, हे विचारलेलं बरं. बीगल ससा हुंगत जायचा, त्याला चटई. लॅब्रॅडॉर पाण्यातून पाखरू आणून द्यायचा, त्याला आणून देण्याचं काहीतरी, आणि ते घेणारा माणूस. बॉर्डर कोली दिवसभर मेंढपाळाचा शब्द झेलायचा. साउथ कॅरोलायनातल्या जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकाने (इथेही निवृत्त!) चेसर नावाच्या कोलीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. २०११ साली त्यावर शोधनिबंध आला. एवढी खेळणी आणा असं नव्हे. तीन खेळण्यांना तीन नावं द्या आणि आणायला सांगा, कोलीचा तास मजेत जातो. जर्मन शेफर्डचं फ्रिट्झने दाखवलंच आहे. काँगमध्ये कालवलेला दहीभात भरून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर मे महिन्यातली दुपार निभते. कांदा, मनुका, चॉकलेट आत जाऊ देऊ नये; कुत्र्याला ती विषारी आहेत. आणि त्या दिवशी वाडगं तेवढं कमी भरावं.

हा सगळा बाजार एका कुत्र्यापुढे मात्र हरतो. पावसाळा सरला की पठारावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेत शेतकरी त्यांना खतासाठी रानात बसवून घेतात. त्या वाड्याच्या कडेला एक केसाळ, जाड मानेचं कुत्रं पडलेलं असतं. त्याच्यासमोर चेंडू टाकून बघा. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने जगभरची राखणीची कुत्री पाहून मांडलं, की यांच्यात टवकारणं, दबा धरणं, पाठलाग करणं ही साखळी जवळजवळ जागीच होत नाही. ती जागी होणाऱ्या कुत्र्याच्या भरवशावर कुणी मेंढरं ठेवली नसती. चेंडू घरंगळत जाईल, कुत्रं तो थांबेपर्यंत बघेल आणि मग तुमच्याकडे बघून गुरगुरेल, कारण चेंडू टाकण्यासाठी तुम्ही मेंढरांच्या जरा जास्तच जवळ आलेले असाल.