कोरड्या कातडीची कहाणी

संक्रांत जवळ आली, गार वारा सुटला, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांची एक तक्रार हमखास सुरू होते. "अंग नुसतं खाजतंय, टाचा उलल्यात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही." आपण ती ऐकतो आणि सोडून देतो. वय झाले, असे व्हायचेच, असे म्हणतो. फार तर तेलाची बाटली पुढे सरकवतो, झालं! पण ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. कातडी म्हणजे शरीराची वेस आहे. वेशीला भगदाड पडले, की गावात कोण शिरेल याचा नेम नसतो. उललेल्या टाचेतून, खाजवून काढलेल्या ओरखड्यातून जंतू आत शिरतात. त्यातून माणसाला मधुमेह असला, तर एका साध्या भेगेपायी पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

म्हणून म्हाताऱ्या, नाजूक कातडीला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे माणसाला कसकसे उमगत गेले, त्याचा इतिहास तुमच्यापुढे मांडावा असे मनात आहे. हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. यात तूप आहे, मेण आहे, मेंढीच्या लोकरीचा मळ आहे, आणि खनिज तेलाच्या विहिरीवरचा चिकटासुद्धा आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. अंगाला तेल लावण्याचे महत्त्व सांगताना चरकसंहितेत तीन दाखले दिले आहेत. तेल पाजलेला मातीचा घडा, तेल चोळलेले कातडे, आणि वंगण घातलेला गाड्याचा आस. ही तिन्ही जशी टिकतात, तसे तेल लावलेले शरीर टिकते, असा त्याचा भाव. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वंगण नसलेल्या गाडीचे काय होते, ते त्याने कानांनी ऐकलेले असते!

आयुर्वेदात आणखी एक नामी वस्तू आहे, तिचे नाव शतधौत घृत. म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप. तांब्याच्या भांड्यात तूप घ्यायचे, त्यात पाणी घालून घोटायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे पाणी घालायचे. असे करता करता तुपाचा रंग आणि वास जातो, आणि हाती येतो पांढराशुभ्र, हलका, गार लोण्यासारखा गोळा. अंगाची आग होत असेल तिथे तो लावीत.

आता गंमत पाहा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिकडे दूर रोम शहरात गेलन नावाचा एक नामांकित वैद्य होता. तेल आणि मधमाश्यांचे मेण एकत्र वितळवून त्यात गुलाबाचा अंश आणि पाणी घोटायचे, असा एक लेप त्याच्या नावावर सांगितला जातो. अंगावर लावला की त्यातले पाणी उडून जाई आणि गार वाटे. आजही दुकानात मिळणाऱ्या 'कोल्ड क्रीम'ची ही पणजी म्हणा ना! तिकडे मेण, इकडे तूप, पण युक्ती एकच. स्निग्ध पदार्थात पाणी कोंडून ठेवायचे. युक्ती हाती लागली होती, मात्र तिचे कारण कळायला पुढे सतराशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आपल्या कोकणातल्या आयाबायांनाही असेच एक औषध ठाऊक होते. कोकमाच्या बिया कुटून, उकळून त्यांचे तेल काढतात. ते थंड झाले की घट्ट होते, म्हणून मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. त्याला म्हणतात मुठेल. चुलीच्या धगीवर मुठेल जरासे पातळ करायचे आणि भेगांत भरायचे. शेतात अनवाणी राबलेल्या किती पायांना त्याने आधार दिला असेल!

पण माणसाचा स्वभाव असा, की त्याला नुसती मऊ कातडी पुरत नाही. त्याला सुरकुत्या लपवायच्या असतात, गोरे दिसायचे असते. युरोपात काही शतके शिशाची पांढरी भुकटी तोंडाला फासण्याची रीत होती. शिसे हे विष. त्याने कातडी खराब होई, मग ती झाकण्यासाठी आणखी भुकटी. इंग्लंडात मारिया गनिंग नावाची एक सौंदर्यवती उमरावपत्नी होऊन गेली. ती १७६० साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारली, आणि तिचा बळी याच शिशाने घेतला असे मानतात. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

पुढे रसायनशास्त्राचे युग आले. स्वीडनमधील शेले या शास्त्रज्ञाने १७७९ साली ऑलिव्हचे तेल आणि शिशाची राख एकत्र तापवली, आणि त्यातून एक गोड, दाट द्रव हाती आला. तेच आपले ग्लिसरीन. ग्लिसरिनाचा गुण असा, की ते पाणी ओढून धरते. म्हणूनच ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात पातळ करून लावावे. नुसतेच दाट लावले, तर ते कातडीतलेच पाणी ओढू लागते.

त्यानंतरची हकीकत अमेरिकेतली. रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनज्ञ १८५९ साली पेनसिल्व्हानियातील खनिज तेलाच्या विहिरी पाहायला गेला. तिथे पंपाच्या दांड्यांवर एक चिकट मेणासारखा थर साचे. मजुरांना त्याचा वैताग, पण भाजले-कापले की तेच मजूर तो चिकटा जखमेला लावीत. चेसब्रोने तो घरी नेला, शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. हेच व्हॅसलीन. आपल्या मालावर त्याचा इतका विश्वास, की तो स्वतःचे हात भाजून घेई आणि लोकांसमोर त्यावर व्हॅसलीन लावून दाखवी! पण ध्यानात घ्या, मूळ शोध त्या मजुरांचा होता. शहाण्याने तो फक्त उचलला.

पुढे १८८२ साली जर्मनीत लिब्राइख आणि ब्राउन यांनी मेंढीच्या लोकरीतील चरबी शुद्ध करून लॅनोलिन तयार केले. कातरलेली लोकर हाताळणाऱ्याचे हात मऊ राहतात, हे आपल्या धनगरबांधवांना काही नवे नाही. लॅनोलिनाचा विशेष असा, की ते भरपूर पाणी पोटात धरून ठेवते. मात्र काही नाजूक कातडीच्या माणसांना ते सोसत नाही, पुरळ उठते.

इथवर सगळ्यांची समजूत एकच होती. कातडी कोरडी पडते ती तेल कमी झाल्यामुळे, म्हणून तेल लावावे. ही समजूत एका साध्या प्रयोगाने उलटी केली. अमेरिकेत आयर्विन ब्लँक या शास्त्रज्ञाने पायाच्या घट्ट्याची वाळलेली कातडी घेतली आणि ती तेलात बुडवून ठेवली. ती कडकच राहिली. पाण्यात ठेवली, तर मऊ झाली! १९५२ साली त्याने हे प्रसिद्ध केले. कातडीला मऊ ठेवते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी आत कोंडून ठेवण्याचे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रयोग तुम्हाला वर्गात सहज करता येईल. कापलेल्या नखाचे दोन तुकडे घ्या. एक पाण्यात टाका, एक गोडेतेलात. तासाभराने दोन्ही वाकवून पाहायला मुलांना सांगा. आंघोळीनंतर नखे कापायला सोपी का जातात, याचे उत्तर मुले आपणच देतील.

पुढे १९८३ साली पीटर एलायस यांनी कातडीच्या वरच्या थराचे चित्र विटांच्या भिंतीसारखे रंगवले. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधली चरबी हा चुना. या चुन्यात सेरामाइड नावाचा एक स्निग्ध पदार्थ मोठ्या प्रमाणावर असतो. वय वाढते तसा हा चुना कमी होतो, कातडी पातळ होते, तिची डागडुजी सावकाश होते. फटी पडलेल्या भिंतीतून ओल जशी निघून जाते, तसे आतले पाणी उडून जाते. म्हणून आजच्या चांगल्या मलमांत सेरामाइड घालतात. जुन्या वाड्याची डागडुजी करताना गवंडी जसा दर्जा भरतो, तसाच हा प्रकार.

आता साबणाचे पाहा. कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो. जर्मनीतील शाडे आणि मार्कियोनीनी यांनी १९२८ साली या आंबट आवरणाला नावच दिले. आपला नेहमीचा साबण मात्र सोड्याच्या गुणाचा. तो मळाबरोबर भिंतीतला चुनाही धुऊन नेतो. तरुण कातडी काही तासांत सावरते, म्हातारी सावरत नाही. आपले डाळीचे पीठ आणि साय या दृष्टीने पुष्कळ सौम्य म्हणावे लागेल.

राहता राहिल्या सुरकुत्या. अमेरिकेतील डॉ. आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले, की 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या ट्रेटिनॉइन या औषधाने उन्हाने जून झालेली कातडी काही अंशी सुधारते. औषध खरे, पण तिखट. कातडी लाल होते, सोलते, झोंबते. आणि हेही सांगितले पाहिजे, की याच डॉक्टरांनी फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या अंगावर नाना प्रयोग केले. त्याबद्दल त्यांच्यावर पुढे कठोर टीका झाली, आणि ती योग्यच होती. एकाच्या चेहऱ्याच्या तुकतुकीसाठी दुसऱ्याची पाठ सोलायची, हे शास्त्र नव्हे.

मग याला काही सौम्य पर्याय? इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. बावचीच्या बिया आपले वैद्य कोडावर पूर्वापार वापरत आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव, मेहता आणि नायक या रसायनज्ञांनी १९६६ साली या बियांतून बाकुचिऑल नावाचे द्रव्य वेगळे काढून त्याची रचना सांगितली. त्या वेळी त्याचा सुरकुत्यांशी संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पुढे २०१९ साली इंग्लंडच्या एका त्वचारोग नियतकालिकात ४४ माणसांवरील बारा आठवड्यांचा प्रयोग छापून आला. निम्म्यांना बाकुचिऑल, निम्म्यांना 'अ' जीवनसत्त्वाचे रेटिनॉल. सुरकुत्या दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या, पण सोलणे आणि झोंबणे रेटिनॉलवाल्यांत अधिक होते. माणसे थोडी होती, म्हणून यावरून फार मोठे बोलू नये. तरी दिशा आशेची आहे.

पण थांबा! हे वाचून कोणी बावची कुटून तोंडाला लावू नका बरं का. कच्च्या बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते लावून उन्हात गेले, तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी, हा मोठा भ्रम आहे. तसाच दुसरा मोह युरियाचा. डॉक्टर भेगांसाठी युरियाचे मलम देतात, ते गुणकारी आहे. म्हणून खताच्या पोत्यातला युरिया पायाला चोळायचा नसतो!

आता शिशाच्या त्या गोष्टीकडे परत येऊ. शिसे गेले, पण लोभ गेला नाही. आपल्याकडे स्टेरॉइड मिसळलेली मलमे गोरेपणाच्या आशेने लोक महिनोन्महिने लावत राहिले. त्याने आधी बरे वाटते, मग कातडी कागदासारखी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण नियम कागदावर असतो, आणि मलम शेजारणीच्या फडताळात. तेव्हा विचारल्याशिवाय लावू नका.

या साऱ्या इतिहासातून तुमच्या घरासाठी निघते ते एवढेच. म्हाताऱ्या माणसाला कढत पाण्याने न्हाऊ घालू नका, कोमट बरे. साबण काखेत, जांघेत, पायाला पुरे. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्या, आणि ते ओलसर असतानाच व्हॅसलीन, मुठेल किंवा सोसेल ते साधे, वास नसलेले मलम लावा. नवे काही लावायचे तर आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहा. मधुमेह्याचे पाय रोज उजेडात निरखा. भेग खोल असली, पू दिसला, की दवाखाना गाठा.

आणि आजीच्या टाचांना हे मलम घरातल्या नातवाने लावावे. त्याला इतिहासही कळेल, आणि आजीला झोपही लागेल.